फुजैरातला नावाचा दिवस

डोंगर संपला आणि समोर समुद्र आला. त्या समुद्रात जहाजं इतकी उभी, की मला वाटलं काहीतरी बिनसलंय.

"अविनाशराव, ही सगळी बंद पडलीत की काय?"

जावई गाडी चालवता चालवता हसले. "बंद नाही बाबा, तेल भरायला थांबलीत. फुजैरा म्हणजे जहाजांचा पेट्रोल पंप समजा."

मिरजेला कोळशाची इंजिनं पाण्यासाठी खोळंबायची, ते मी लहानपणी पाहिलेलं. त्यामुळे गाव एका नजरेत कळलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. वीज खात्यात उभा जन्म काढलेल्या माणसाला सगळंच एका नजरेत कळतं, असा आमचा समज असतो.

पंचाण्णव सालचा जानेवारी होता. देशाबाहेर पाऊल टाकायची माझी पहिलीच वेळ. दुबईला उतरलो ते थेट शारजातल्या गाड्यांच्या रांगेत अडकलो. कृष्णेला पूर आला की सांगलीच्या पुलावर होते तशी ही रांग. फक्त इथे पूर नव्हता, रोजचंच होतं. पुढे वाळू, वाळूत उंट सांभाळा अशा पाट्या, मसाफी गावाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला गालिचे आणि फळं मांडलेली दुकानं, आणि मग चॉकलेटी रंगाचे बोडके डोंगर. मागच्या सीटवर माझी सात वर्षांची नात सई दर थोड्या वेळानं विचारायची, "आजोबा, आर यू टायर्ड?" मी मराठीत उत्तर द्यायचो, ती इंग्रजीत पुढचा प्रश्न टाकायची. आमचं छान चाललं होतं.

पुढच्या सीटवर माझी मुलगी बसली होती. तिच्याबद्दल सांगायचं तर आधी तिच्या नावाबद्दल सांगायला हवं, कारण खरं म्हणजे मी त्या नावासाठीच एवढा समुद्र ओलांडून आलो होतो.

ती पहाटे जन्मली म्हणून तिच्या आईनं तिचं नाव ठेवलं उषा. लग्नात सासरच्या मंडळींनी रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं त्यावर 'अपर्णा' लिहिलं, पेढे वाटले. आमच्या पिढीला त्यात काही वावगं वाटलं नाही. सासरी ती अपर्णा झाली. माहेरी हाका मारण्याचं खातं तिच्या आईकडे होतं, आणि आई तिला शेवटपर्यंत उषाच म्हणाली. दोन वर्षांपूर्वी आई गेली. उषा दिवसकार्याला आली, तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. सगळे तिला अपर्णा म्हणत होते आणि मी 'अगं' म्हणून भागवत होतो. पुढे फोनवरही 'अगं'च. मग एकदा देव्हाऱ्यापुढे बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, की या घरात कितीतरी दिवसांत 'उषा' हा शब्दच कुणी उच्चारलेला नाही. त्या दिवसापासून चैन पडेना. एकदा तिला तिच्या नावानं हाक मारायची आणि ती 'ओ' देते का बघायचं, एवढं एकच काम मनाशी धरून मी पासपोर्ट काढला.

काम सोपं वाटलं होतं. विमानतळावर ती दिसली, मी तोंड उघडलं, तेवढ्यात जावई म्हणाले, "अपर्णा, ते बघ बाबा!" आणि माझ्या तोंडातून बाहेर पडलं ते 'अगं'.

फुजैरा तसं लहान गाव. एक सरळ रस्ता, त्यावर बँका आणि बिर्याणीची हॉटेलं, मागे डोंगर, पुढे समुद्र. गावाबाहेर मातीचा जुना किल्ला आहे; आमच्या गडकोटांपुढे तो खेळण्यातला वाटेल, पण संध्याकाळच्या उन्हात फार देखणा दिसतो. संध्याकाळी लोक कोर्निशवर (समुद्राकाठच्या फिरायच्या रस्त्यावर) जमतात. तिथे एका वयस्क अरबानं मला हाताला धरून सतरंजीवर बसवलं, खजूर दिला आणि चिमुकल्या कपात गहवा (वेलदोडा घातलेली कडू कॉफी) ओतला. कप रिकामा झाला की तो भरायचा. मी भीडेखातर पीत राहिलो. शेवटी उषानं येऊन सांगितलं, की पुरे झालं म्हणायला कप हातात डुचमळवायचा असतो. "नाहीतर ते उद्या सकाळपर्यंत ओततील बाबा." तो अरब आणि ती दोघंही माझ्याकडे बघून हसत होते. ती त्याच्याशी दोन वाक्यं अरबीत बोलली, आणि मला अभिमानही वाटला आणि ती जरा लांबचीही वाटली.

जावयांचं बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर. सगळे मजले सारखे, सगळी दारं तपकिरी. एका दुपारी खाली फेरी मारून वर आलो, किल्ली लावली, ती फिरेना. खटपट करत होतो तेवढ्यात दार आतून उघडलं. समोर एक गोरी, पन्नाशीची, ठेंगणी बाई. निळा झुळझुळीत पोशाख, कानात मोती. मी लिफ्टमधून चुकून तिसऱ्या मजल्यावर उतरलो होतो. माफी मागणार, तोच तिचा चेहरा उजळला.

"तुम्ही आलात!" ती इंग्रजीत म्हणाली. "वरच्या मजल्यावरचे बाबा ना? या, या. यल्ला, चला, बसा!"

आत टेबल मांडलेलं होतं. पावाच्या तुकड्यांवर बटाट्याची कोशिंबीर, अंडं, काकडी असं नक्षीदार रचलेलं. मधे भोक असलेला उंच केक. फुलदाणी, पण रिकामी. घरात दुसरं कुणीही नव्हतं. मी विचारलं, "आज वाढदिवस?"

"छे, वाढदिवस तर कुणाचाही असतो," ती म्हणाली. "आज माझ्या नावाचा दिवस."

तिचं नाव मिलेना. देश चेकोस्लोव्हाकिया म्हणावा तर तिनंच दुरुस्त केलं, की दोन वर्षांपूर्वी देशाची वाटणी झाली, आता नुसतं चेक. ना मारामारी, ना कोर्टकचेरी. आमच्याकडे दोन भाऊ विहिरीच्या पाळीवरून तीन पिढ्या खटला चालवतात, हे मी तिला सांगितलं नाही. नवरा तेल भरणाऱ्या बोटींवर इंजिनियर, आठवडा आठवडा समुद्रावर. तिनं स्वयंपाकघरातलं कॅलेंडर दाखवलं. तिची बहीण दरवर्षी धाडते. आपल्या कॅलेंडरात तिथी असते तसं त्यात प्रत्येक तारखेला एक नाव छापलेलं. तिच्या देशात त्या तारखेला त्या नावाच्या सगळ्यांचा स्वातेक (नावाचा दिवस) असतो. सकाळी रेडिओवर सांगतात, आज अमक्याचा दिवस. ऑफिसातले, शेजारचे, सगळे फुलं घेऊन येतात.

"म्हणजे आमंत्रणं द्यायची?"

"अजिबात नाही!" ती जवळजवळ दुखावलीच. "नावाच्या दिवसाला बोलवायचं नसतं. ज्याला तुमचं नाव ठाऊक आहे, तो आपणहून येतो. आपण फक्त करून ठेवायचं आणि दार उघडायचं."

"आणि इथे?"

"इथे चार वर्षं मी करून ठेवते." तिनं केक कापायला घेतला. "संध्याकाळी थोडा मी खाते, थोडा वॉचमनला देते. खलास. आज पहिल्यांदा कुणी आलं."

आता अशा बाईला, मी मजला चुकलोय हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी नमस्कार केला, म्हटलं, "मिलेनाबाई, तुमच्या नावाला शंभर वर्षं आयुष्य." केकात अंडं असतं हे मी त्या दिवशी सोयीस्करपणे विसरलो. तिनं कॉफी दिली. ती न गाळता, तशीच कपात उकळतं पाणी ओतून करतात. हे मला ठाऊक नसल्यामुळे मी शेवटच्या घोटाबरोबर अर्धा चमचा चोथा खाल्ला आणि चेहरा शक्य तितका सरळ ठेवला.

बोलता बोलता तिनं विचारलं, "तुमच्या मुलीचं नाव अपर्णा ना? त्याचा दिवस कधी?"

परक्या माणसाशी बोलणं कधी कधी सोपं जातं. मी तिला सगळं सांगितलं. तांदळाचं ताट, अंगठी, उषा आणि अपर्णा. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "आणि पहिलं नाव? ते कुठे गेलं?"

खरंच, कुठे गेलं? शाळेच्या दाखल्यात असेल. माझ्या तोंडाशी येऊन परत जातं, एवढंच मला माहीत.

"उषा म्हणजे काय?"

"पहाट."

ती उठली, कॅलेंडरावर बोट फिरवलं आणि लहान मुलीसारखी टाळी वाजवली. "जोरा! जोरा म्हणजे आमच्याकडे पहाट. बघा, सव्वीस जानेवारी. परवाच!"

सव्वीस जानेवारीला आमच्या देशाचा दिवस असतो, हे सांगून मी विषय देशावर नेला आणि वर निघून आलो. घरी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी उषानं ऑफिसातून रजा घेतली आणि मला एकट्याला गाडीत घालून डोंगरात नेलं. मी मनात म्हटलं, आज. आज जावई नाहीत, सई शाळेत आहे, आज हाक मारायचीच. बोडक्या डोंगरांच्या बेचक्यात एका गावी खजुरीची बाग होती. वर उन्हानं तापलेला दगड आणि खाली हिरवी सावली. बागेतून फलज (डोंगरातून पाणी आणणारा दगडी पाट) खळाळत होता. पाणी वाहताना पाहिलं आणि सांगलीकर माणसाचा जीव सुखावला. उषानं चपला काढल्या, पाय पाण्यात सोडले आणि बोलत सुटली. ऑफिसातलं नवं काम, ड्रायव्हिंगची परीक्षा दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा कशी पास झाली, पुढच्या वर्षी अबुधाबीला बदली होईल का. तिच्या लायसन्सवर अपर्णा, व्हिसावर अपर्णा, सगळं इतकं नीट मांडलेलं. बागेचा पठाण रखवालदार तिला "अपर्णा मॅडम, खजूर लेके जाओ" म्हणाला. एवढ्या मेहनतीनं उभ्या केलेल्या बाईला मी मागून पदर धरून ओढतोय, असं मला वाटायला लागलं. ती पाटावरून उडी मारायला निघाली तेव्हा नाव अगदी ओठांवर आलं.

"अगं, जपून," मी म्हणालो.

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. काहीतरी ऐकायला थांबावं तशी क्षणभर थांबली आणि मग चपला घालायला लागली.

सव्वीस तारखेला सकाळी भारतीय मंडळींनी झेंडावंदन केलं, जिलेबी वाटली. गुरुवार होता, म्हणून जावई दुपारीच घरी आले. संध्याकाळी चहाच्या वेळी बेल वाजली. दार त्यांनीच उघडलं. बाहेर मिलेनाबाई, तोच निळा पोशाख, हातात केक आणि तीन लांब दांड्याची फुलं. फुलं नेहमी विषम आकड्यात द्यायची, सम फक्त मयताला, हे मला मागाहून कळलं. आपण आहेरावर वरचा रुपया ठेवतो, तसंच काहीसं.

"उषासाठी," त्या म्हणाल्या.

"सॉरी मॅडम," जावई अदबीनं म्हणाले, "यू हॅव द राँग फ्लॅट. इथे उषा कुणी नाही."

मी खुर्चीत होतो. बाईंचा चेहरा पडायला लागला. त्या माझ्याकडे पाहू लागल्या. आता जावयांना काय वाटेल, मुलीच्या घरात मी हे काय करून ठेवलं, अशी माझी पाचावर धारण बसली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून उषा आली. हात कणकेचे.

"आहे," ती म्हणाली. "मीच उषा."

मिलेनाबाईंनी कणकेसकट तिला मिठी मारली, गालांना गाल लावले, त्यांच्या भाषेत काहीतरी लांबलचक म्हटलं आणि मग इंग्रजीत, "तुझ्या नावाला सगळं चांगलं मिळो." सई दोघींकडे बघत उभी. "ममा, हू इज उषा?"

"आय ॲम."

"बट यू आर अपर्णा!"

"ते नंतरचं," उषा म्हणाली. "आधी मी उषा होते. तुझ्या आजीनं ठेवलं होतं नाव."

जावई कपाळावर हात मारून हसले. "अरे हो! मी तर साफ विसरलोच होतो. माझ्या आईनं हौसेनं बदललं होतं, अपर्णा." माणूस मनानं वाईट नाही. विसरला होता, एवढंच. पण ते 'विसरलो' ऐकून उषा फुलं घेऊन आत गेली ती पाण्याचा नळ सोडून उभीच राहिली.

मी मागोमाग गेलो. तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "तुम्ही सांगितलंत त्यांना?"

"हो. चुकलं का?"

"नाही." मग नळ बंद करून म्हणाली, "बाबा, त्या बाईंना माझं नाव कळून दोनच दिवस झाले. त्या जिना चढून आल्या. आई गेल्यापासून मी प्रत्येक फोनला वाट बघतेय, की आता तुम्ही म्हणाल. तुम्ही आपले 'अगं'. काल त्या पाटावर मला वाटलं, आता नक्की."

"मला वाटलं, तुला ते नको असेल. इथे तुझं सगळं..."

"इथे माझं सगळं आहे हो. फक्त मला उषा म्हणणारं माणूस नाही." तिचे डोळे भरले होते. "आता म्हणा ना."

मी तोंड उघडलं. तुम्ही विश्वास ठेवा अगर ठेवू नका, आवाज फुटला नाही. इतके दिवस आत कोंडलेला शब्द असा मागितल्याबरोबर हातावर ठेवता येत नाही. बाहेरून मिलेनाबाईंनी हाक दिली, "हबीबी, केक!" आणि ती डोळे पुसून हसली, मीही हसलो. आम्ही चहात केक बुडवून खाल्ला. चेक रिवाजात ते बसतं की नाही कुणास ठाऊक. जाताना मिलेनाबाई म्हणाल्या, "बाबा, पुढच्या वर्षी माझ्याकडे यायला मजला चुकू नका." म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

पुढचे दिवस भराभर संपले. उषाला मी पुन्हा काही म्हणालो नाही, तिनंही मागितलं नाही. मात्र प्रत्येक 'अगं' आता मला टोचत होतं.

निघायच्या दिवशी पुन्हा तेच डोंगर, तीच वाळू, शारजातली तीच रांग. विमानतळावर आत फक्त प्रवाशांना सोडत होते. जावयांनी वाकून नमस्कार केला, सईनं "बाय आजोबा, कम सून" म्हणून पापा दिला. उषानं माझ्या शर्टाच्या खिशात पासपोर्ट नीट बसवला आणि बटण लावलं. हे तिच्या आईचं काम. मी ट्रॉली ढकलत दारातून आत गेलो. रांगेत उभा राहून मागे पाहिलं, तर ती तिघं वळून गर्दीतून परत निघालेली. तिची पाठ दिसत होती. अजून दहा पावलं, आणि ती दिसेनाशी झाली असती.

लहानपणी तिन्हीसांजेला ती वाड्यामागच्या पटांगणात खेळत असायची आणि आईच्या हाकेला दाद द्यायची नाही, तेव्हा आई मला पाठवायची. तेव्हाचा आवाज कुठून आला माहीत नाही.

"उषा! ए उषा!"

अख्खी रांग वळली. दारातला शिपाई दचकला. आणि पलीकडे, गर्दीच्या त्या टोकाला, एक चाळिशीकडे झुकलेली बाई जागच्या जागी थांबली, गर्रकन वळली, आणि तिथूनच ओरडली, "ओ!"

बस, एवढंच. हात हलवलासुद्धा नाही दोघांनी. शिपाई म्हणाला, "यल्ला बाबा, यल्ला," आणि मी ट्रॉली पुढे ढकलली. विमान उठेपर्यंत मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

सांगलीला आलो. घर उघडलं, धूळ झटकली, देव्हाऱ्यात दिवा लावला, हिच्या फोटोपुढे फुजैराचे खजूर ठेवले. एका हाकेनं काय होतं? लायसन्सवरचं नाव बदलत नाही, समुद्र आटत नाही. उलट, ओठांवर आलेली हाक गिळून टाकत होतो तोवर निभत होतं. आता ती मारून झाली आहे, 'ओ' कानात आहे, आणि घर पूर्वीपेक्षा जास्त रिकामं वाटतंय. हाक मारली की माणूस जवळ येतं अशी माझी समजूत होती. प्रवासानं एवढं शिकवलं, की ते किती लांब आहे हेही हाकेनंच कळतं.

संध्याकाळी शेजारच्या वहिनी खजूर न्यायला आल्या. "काय म्हणते अपर्णा? रमली का तिकडे?"

"अपर्णा अगदी मजेत आहे, वहिनी," मी म्हणालो. "उषाला मात्र करमत नाही."